दोन तिरक्या रेघा

“अहो, ती माझीच बायको आहे!”

बँकेच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू आलं की मागच्या रांगेने काय ते समजावं आणि बाकावर जागा धरावी. प्रकरण लांबणार असतं. ठाण्यातल्या एका शाखेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते असंच लांबलं. गृहस्थ निवृत्त, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, हातात प्लास्टिकच्या कव्हरातलं पासबुक. त्या कव्हरात पासबुकाखेरीज विजेचं बिल, विम्याची पावती आणि वाण्याची यादी. काउंटरपलीकडे मॅडम. मध्ये काचेत पाडलेली खिडकी आणि दोरीला बांधलेलं पेन. पेन उमटत नव्हतं, पण दोरी मजबूत होती.

खिडकीतून आत सरकवलेला चेक दीड हजार रुपयांचा होता. एका दिवाळी अंकाने कथेचं मानधन म्हणून पाठवलेला. दिवाळी अंकाचं मानधन येणं हीच मुळात बातमी, त्यामुळे घरच्यांनी तो आठ दिवस सगळ्यांना दाखवला होता. नंतर तो त्याच अंकात खूण म्हणून राहिला आणि अंक रद्दी काढताना सापडला.

“काका, हा चेक तुमच्या नावाचा नाहीये.”

“नाहीच. मिसेसच्या नावाचा आहे. माझ्या खात्यात भरायचाय.”

“नाही भरता येणार.”

“का? अहो, ती माझीच बायको आहे!”

“असेल ना. मी कुठे नाही म्हणते?”

या उत्तराला उत्तर नसतं. संसार करताना तुझं-माझं करायचं नसतं असं ज्याला बोहल्यावरून उतरल्यापासून ऐकवलं जातं, त्या माणसाला साठी उलटल्यावर एक अनोळखी बाई शांतपणे सांगते की तुझं ते तुझं आणि तिचं ते तिचं. तेही पुरावा दाखवून. पुरावा म्हणजे चेकच्या डाव्या कोपऱ्यात वरती मारलेल्या दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्या मधोमध बारीक अक्षरात लिहिलेलं ‘अकाउंट पेयी ओन्ली’. सप्तपदीपेक्षा या दोन रेघांना वजन जास्त.

पूर्वी असं नव्हतं. भारतात चेकचा कारभार चालतो तो १८८१ सालच्या कायद्याने, आणि त्या कायद्याची वृत्ती मोठी उदार आहे. एका माणसाच्या नावाचा चेक दुसऱ्याला देता येतो हे त्यात गृहीतच आहे. नाहीतर त्याला ‘निगोशिएबल’ म्हणायचं कशाला? चेक उलटा करायचा, पाठीवर ‘अमक्याला द्यावे’ असं लिहून खाली सही ठोकायची. याला एंडोर्समेंट म्हणतात, मराठी कायद्याच्या पुस्तकांत पृष्ठांकन. नुसतीच सही केली, कोणाचं नाव घातलं नाही, तर ते कोरं पृष्ठांकन. मग तो चेक ज्याच्या हाती त्याचा. तो माणूस पुढच्याला देऊ शकतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. सह्या करून करून पाठ भरली तर काय, याचाही विचार कायद्याने केलेला आहे: वेगळी चिठ्ठी जोडा आणि तिच्यावर सह्या करत सुटा. या चिठ्ठीला ‘अलाँज’ असं भारदस्त फ्रेंच नाव आहे. म्हणजे तत्त्वतः एक चेक वाण्याकडून दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून पेंडवाल्याकडे असा अख्खा बाजार फिरून, मागे शेपूट लावून, महिन्याभराने बँकेत हजर होऊ शकतो.

शिवाय ‘बेअरर’ आहेच. चेकवर नावापुढे आजही ‘या धारक को’ असं छापलेलं असतं. ते खोडलं नाही आणि रेघाही मारल्या नाहीत तर चेक घेऊन येईल त्याला पैसे. एकेकाळी बेअरर म्हणजे क्लबात चहा आणून देणारा पगडीवाला आणि बेअरर म्हणजे चेक आणून देणारा, दोघांनाही नाव विचारायची पद्धत नव्हती.

कायदा इंग्रजांचा असला तरी ही रीत त्यांनी इथे आणली असं समजू नये. हुंडी त्याच्या आधीपासून इथल्या पेठांतून फिरत होती, आणि पैसे कोणाला द्यायचे या एकाच प्रश्नाची तिच्याकडे निरनिराळी उत्तरं होती. धन्यालाच द्यायचे ती धनीजोग. ज्याचं नाव लिहिलंय त्याला द्यायचे ती नामजोग. तो सांगेल त्याला, ती फर्मानजोग. आणि सगळ्यांत झोकदार ती शाहजोग: पैसे फक्त शाहाला द्यायचे, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा सावकाराला. हुंडी घेऊन कोणी आला तर पेढीवाल्याने आधी चौकशी करायची, हा गृहस्थ शाह आहे का? पॅन नाही, आधार नाही, फोटो नाही. चार माणसं त्याला ओळखतात का, एवढंच. केवायसी हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी ‘आपल्या गिऱ्हाइकाला ओळखा’ ही गोष्ट गादीवर लोडाला टेकून पार पडत होती.

हुंडी हरवली तर तिची नक्कल निघे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती हुंडी रद्द होऊन तिचा खोखा व्हायचा. (आजच्या राजकारणातल्या खोक्याशी याचा संबंध कोणी जोडू नये, हा खोखा पैसे निघून गेल्यावरचा असतो.) १८८१च्या कायद्याने पहिल्याच कलमात हुंडीपुढे हात टेकले. देशी भाषेतल्या कागदांचे जे स्थानिक रिवाज असतील ते असतील, त्यांना आमचा धक्का नाही, असं लिहून इंग्रज मोकळा झाला. आपण मात्र हुंडी विसरलो आणि तिचं क्रियापद ठेवून घेतलं. चेक ‘वटतो’ तो हुंडी वटायची म्हणूनच.

तर काकांची बाजू शाहजोग होती. “मी इथे बावीस वर्षं खातेदार आहे. तुमच्या आधीचे साहेब मला नावाने ओळखायचे.” रांगेतल्या एकाने मान डोलावली. त्या काळी पेढीवर एवढं पुरलं असतं.

मॅडमची बाजू रेघांची. या रेघांची कुळकथा लंडनची आहे. अठराव्या शतकात तिथल्या बँकांचे कारकून एका ठिकाणी जमून एकमेकांचे चेक बदलून घ्यायचे; तेच तिथलं क्लिअरिंग हाउस. कोणता चेक कोणत्या बँकेने आणला हे कळावं म्हणून कारकून त्यावर आडवं आपल्या बँकेचं नाव लिहायचे. हळूहळू ही युक्ती चेक देणाऱ्यांनी उचलली. पैसे घेणाऱ्याची बँक कोणती ते आपल्याला ठाऊक नसतं. पण लंडनच्या बँका बहुतेक ‘फलाणे अँड कंपनी’ अशाच नावाच्या असायच्या. म्हणून लोक दोन रेघा मारून मध्ये नुसतं ‘अँड कंपनी’ लिहायचे आणि अलीकडची जागा मोकळी सोडायचे. फलाणे कोण ते ज्याचं त्याने भरावं.

त्यांतल्या बहुतेक बँका कधीच्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. पण ‘अँड कं.’ टिकून आहे. भारतीय कायद्याच्या १२३व्या कलमात ते आजही आहे, आणि सोलापुरातला एखादा व्यापारी अजून चेकवर झरझर दोन रेघा ओढून मध्ये ‘अँड कं.’ लिहितो. कोणती कंपनी, विचारलं तर म्हणेल, “तसंच लिहितात.”

ए. पी. हर्बर्ट नावाच्या इंग्रज विनोदकाराने याच रेघांवरून एक काल्पनिक खटला रचला होता. त्याच्या ‘अनकॉमन लॉ’ या १९३५च्या पुस्तकात तो आहे. करखात्याला वैतागलेला एक माणूस चक्क गाईच्या अंगावर चेक लिहितो आणि गाय घेऊन कचेरीत जातो. चेक छापील कागदावरच असला पाहिजे असं कायद्यात कुठे होतं? मग न्यायालयात प्रश्न निघतो की ही गाय क्रॉस, म्हणजे रेघा मारलेली, आहे की नाही. इंग्रजीत क्रॉस गाय म्हणजे चिडलेली गाय, आणि चिडलेल्या गाईचं पृष्ठांकन करायला पाठीमागे कोण जाणार? आता हा वाद मिटला आहे. चेकचं चित्र काढून तेच क्लिअरिंगला पाठवायची सीटीएस पद्धत आली, आणि त्या यंत्राच्या फटीत गाय जात नाही.

रेघांमुळे एवढंच होतं की रोकड हातात मिळत नाही, पैसे कुठल्यातरी बँकेच्या खात्यातूनच जावे लागतात. कोणाच्या खात्यातून, याबद्दल १८८१चा कायदा गप्प आहे. ‘अकाउंट पेयी’ हे शब्द रेघांच्या कलमांत नाहीतच. ते बँकांच्या रिवाजातून आले. इंग्लंडने १९९२ साली वेगळा कायदा करून त्यांना वजन दिलं. आपल्याकडे बराच काळ त्यांच्याकडे जरा प्रेमाने काणाडोळा व्हायचा. मॅनेजर ओळखीचा असला, पार्टी चांगली असली, तर भावाचा चेक भावाच्या खात्यात पडायचा. ‘बघतो, ठेवून जा’ या तीन शब्दांवर अर्धा देश चालला.

त्या प्रेमाचा शेवट शेअरबाजाराने केला. २००३ ते २००५ या काळात नव्या कंपन्यांच्या शेअरविक्रीत लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेला वाटा लाटायला काही मंडळींनी हजारो खोट्या नावांनी डीमॅट खाती उघडली. शेअर मिळाले नाहीत की अर्जाचे पैसे चेकने परत येत, हजारो वेगवेगळ्या नावांचे, सगळे अकाउंट पेयी. आणि काही बँकांनी ते गठ्ठ्याने मोजक्याच लोकांच्या खात्यांत जमा केले. कल्पना करावी: ज्या माणसाने हे चेक भरले त्यालाही कुणीतरी विचारलं असेलच, हे सगळे कोण? आणि तोही म्हणाला असेल, आपलीच माणसं आहेत.

जानेवारी २००६मध्ये रिझर्व्ह बँकेने हुकूम काढला: अकाउंट पेयी चेक, ज्याचं नाव त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही खात्यात जमा करायचा नाही. ‘कोणाच्याही’मध्ये नवरा बसतो. आणि मॅडमनी तरी दया दाखवून दाखवायची किती? चुकीच्या माणसाच्या खात्यात चेक वटवला आणि उद्या खरा मालक दारात उभा राहिला तर पैसे बँकेने भरायचे. बँकेला कायद्याचं संरक्षण आहे, पण ते सावधपणे वागलेल्या बँकेला. ‘काकांचा चेहरा सोज्वळ होता’ ही सावधगिरी होत नाही.

या कडेकोट नियमाला एक छोटी खिडकी आहे, आणि ती जणू महाराष्ट्राकडे तोंड करूनच बसवली आहे. तालुक्याच्या गावात माणसाचं खातं बँकेत नसलं तरी पतसंस्थेत असतंच. पतसंस्था क्लिअरिंगमध्ये बसत नाही. तिचं स्वतःचं खातं कुठल्यातरी बँकेत असतं. म्हणजे सभासदाला ऊसबिलाचा किंवा दुधाचा अकाउंट पेयी चेक मिळाला तर तो वटायचा कुठे? २०१० साली रिझर्व्ह बँकेने सवलत दिली की पन्नास हजारांपर्यंतचा असा चेक बँकेने पतसंस्थेच्या खात्यात घ्यायला हरकत नाही, मात्र पैसे त्याच सभासदाला देऊ असं संस्थेने लेखी द्यायचं. अख्ख्या व्यवस्थेत दुसऱ्याच्या नावाचा चेक उजळ माथ्याने भरणारी अशी ही पतसंस्था. चेअरमनच्या फोटोखाली ‘आपली माणसं, आपली संस्था’ लिहिलेलं असतं ते अगदीच खोटं म्हणता येत नाही.

काकांचं पहिलं म्हणणं फेटाळलं गेल्यावर त्यांनी माघार घेतली. “बरं, मग तिच्याच खात्यात भरतो. तिचंही खातं इथेच आहे.” मॅडमनी खातं काढलं, चेकवरचं नाव पाहिलं, पडद्यावरचं नाव पाहिलं, पुन्हा चेकवरचं पाहिलं.

“काका, ही वेगळी बाई आहे.”

इथे रांगेतल्या चार जणांनी मोबाइल खाली ठेवले.

वेगळी नव्हती. बाई माहेरच्या नावाने लिहितात. लग्नाआधी दोन कथा छापून आल्या होत्या, तेव्हापासून तेच नाव. खातं सासरच्या नावाने. आणि सासरचं नाव म्हणजे नुसतं आडनाव नव्हे. महाराष्ट्रात परवापरवापर्यंत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहायचा, पेढे वाटायचे आणि कुसुमची सुनंदा व्हायची. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं यायचं. तीनपैकी तीन शब्द बदललेले. बँकेच्या दृष्टीने जुनी बाई निघून गेली आणि तिच्या जागी नवीन आली. तांदळाच्या त्या ताटाची झेरॉक्स कोणी काढून ठेवलेली नसते.

मराठी माणसाला तीन शब्दांचं नाव हे वैभव वाटतं, काउंटरवर ते संकट असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरं, घरी बाळासाहेब. निमंत्रणपत्रिकेवर नाव असतं तो नाना आणि चेकवरचा नारायण हे एकच, हे गावाला माहीत, सर्व्हरला नाही. त्यात स्पेलिंग. दीक्षितांमध्ये एक्सवाले आणि के-एस-एचवाले अशी दोन घराणी. विनायक व्हीने की डब्ल्यूने, हे बारशाला कोणी ठरवत नाही. आणि चौधरी इतक्या तऱ्हांनी लिहिता येतात की एकाच कुटुंबाच्या रेशनकार्डावर तीन सापडावेत. चेक मराठीतून लिहायला परवानगी आहे, रिझर्व्ह बँकेनेच दिलेली, आणि तिथे हा घोळ मिटतो. पण मराठीत चेक लिहिणारा माणूस दिसला की काउंटरवरचे लोक तो उचलून शेजारच्याला दाखवतात. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचंही नाव घातलं आहे: स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. उत्तम झालं. चेकवरची नावाची ओळ मात्र तेवढीच आहे.

गणेश मंडळांचे खजिनदार या बाबतीत सगळ्यांत दुःखी. कमानीवर नाव एक, पावतीपुस्तकावर दुसरं आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं तिसरंच. दुकानदार कमान बघून चेक फाडतो. दहा दिवस बाप्पा असतात तोवर कोणाला सवड नसते, आणि विसर्जनानंतर ध्यानात येतं की वर्गणी ज्या मंडळाच्या नावाने जमली त्या नावाचं मंडळ अस्तित्वातच नाही. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आलेल्या चौथीतल्या मुलीला पाचशे एक रुपयांचा चेक देणारे संयोजकही याच जातीचे. मुलीचं खातं नसतं. बापाच्या खात्यात भरता येत नाही. पाचशे एक रुपयांसाठी मुलीचे फोटो, आधार आणि जन्मदाखला घेऊन तिचे वडील खातं उघडायला जातात, तेव्हा तिला भाषणात ‘बचतीचे महत्त्व’ हाच विषय मिळालेला असतो.

टोपणनावांचं तर बोलायलाच नको. मराठी साहित्याने बँकांचा जराही विचार केलेला नाही. विष्णु वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज, माणिक गोडघाटे आणि ग्रेस. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता आरती प्रभु या नावाने लिहिल्या. त्या नावाचा चेक घेऊन ते खिडकीशी गेले असते तर ‘बाईंना आणा’ असंच उत्तर मिळालं असतं. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ म्हणून लिहीत. ठणठणपाळ या नावाने चेक काढायचा म्हणजे खात्यातली शिल्लक आधीच जाहीर करण्यासारखं. नाव चुकलं तर काय करावं यावर इंग्लंडच्या १८८२च्या कायद्यात एक मजेदार तोड आहे: आधी चेकवर लिहिलंय तशी चुकीची सही करावी आणि हवं तर खाली आपली खरी. दोन सह्या, दोन माणसं, मुक्काम एक. हेच इथे कुणी केलं तर खाली ‘सही जुळत नाही’ असा शेरा पडेल, तोही दोनदा.

पूर्वी चूक झाली की चेक देणारा नाव खोडून वर नीट लिहायचा आणि बाजूला बारीक सही करायचा. सीटीएस आल्यापासून तेही बंद: त्यातून जाणाऱ्या चेकवर तारखेशिवाय कशातच खाडाखोड चालत नाही.

माणूस हयात नसला की नावाचा प्रश्न आणखी चमत्कारिक होतो. वडील गेल्यावरही कंपन्यांच्या लाभांशाचे पंचवीस-पंचवीस रुपयांचे चेक त्यांच्या नावाने येत राहतात. कंपनीला कोणी कळवलेलं नसतं. २००५मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी वाट काढली: बँकेने ‘कैलासवासी अमुक यांची मालमत्ता’ अशा नावाचं खातं उघडावं आणि येणारे पैसे त्यात घ्यावेत. फक्त पैसे यायचे, काढायचे नाहीत. जिवंतपणी ज्यांच्या खात्यात कधी शिल्लक टिकली नाही अशा किती जणांच्या नशिबी ही बचत मरणोत्तर आली असेल.

परत आलेल्या चेकसोबत बँक कारणाची चिठ्ठी देते. तिच्यावर पूर्वी सर्रास एक शेरा असायचा, ‘रेफर टू ड्रॉवर’. म्हणजे ज्याने चेक काढला त्यालाच विचारा. पैसे नाहीत हे सांगण्याची ती घरंदाज तऱ्हा. पण मराठी घरात ड्रॉवर म्हणजे टेबलाचा खण. ‘खणात बघा’ असं बँकेनेच लिहून दिल्यावर खण उपसणारे भाबडे जीव या महाराष्ट्रात होऊन गेले असणार, आणि त्यांना तिथे काही ना काही सापडलंही असणार. दुसरा परत आलेला चेक, बहुतेक.

न्यू जर्सीतल्या मराठी लग्नात पाकिटातून चेक येतात आणि तिथे वाद नावावरून नाही, एका अव्ययावरून होतो. दोघांच्या नावांमध्ये ‘आणि’ असेल तर चेकच्या पाठीवर दोघांची सही लागते, ‘किंवा’ असेल तर एकाची पुरते. कायदाच आहे तसा. लग्न लागल्यावर पहिल्याच आठवड्यात नवराबायको ‘आणि’ आहेत की ‘किंवा’ हे आत्याबाईंच्या अक्षरावरून ठरतं.

इकडे ठाण्यात मॅडमनी काकांना तीन रस्ते सांगितले. विवाह नोंदणीचा दाखला आणा. नसेल तर दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा. त्याला बाहेर सगळे ‘वन अँड द सेम’ म्हणतात. किंवा चेक बदलून आणा. दाखला नव्हता. लग्न १९७९चं, कार्यालयात झालेलं, साक्षीला तीनशे माणसं जेवून गेलेली, पण कोणाच्याही हाती कागद नाही. प्रतिज्ञापत्राला शंभराचा स्टॅम्प पेपर पुरायचा तो ऑक्टोबर २०२४पासून पाचशेचा झाला. वर नोटरी, झेरॉक्स, रिक्षा. दीड हजाराच्या चेकसाठी बायको एकच आहे हे सिद्ध करायला निम्म्याहून जास्त मानधन जाणार.

“बरं, विचार करतो,” काका म्हणाले.

“विचार लवकर करा. तारीख बघा.” तारीख दहा नोव्हेंबर होती. चेक पूर्वी सहा महिने चालायचा, एप्रिल २०१२पासून तीनच. म्हणजे त्या आठवड्याच्या अखेरीला हा वाद आपोआप मिटणार होता.

तो तसाच मिटला. चेक शिळा झाला. बाईंनी संपादकांना फोन करून सगळी हकिगत सांगितली, आपलं सासरचं नाव, आडनाव, ते का वेगळं आहे, अगदी तांदळाच्या ताटापर्यंत. संपादक हसले. म्हणाले, कशाला चेकच्या भानगडीत पडता, मोबाइल नंबर द्या, आत्ता टाकतो.

इथे एक गंमत सांगायला हवी. चेकवर नावाचं एवढं अवडंबर. पण एनईएफटीने पैसे पाठवताना नाव काहीही टाका, पैसे जातात ते खाते क्रमांकावर. नाव आणि क्रमांक जुळतो का हे बघायची सोय बँकांनी द्यायची झाली तीही एप्रिल २०२५पासून. दोन रेघा मारलेल्या दीड हजारांना बायकोचा दाखला लागतो, दीड लाख मात्र एक आकडा चुकला तरी निमूट निघून जाऊ शकतात. यूपीआयमध्ये पडद्यावर नाव दिसतं खरं, पण ते बघायचं काम पैसे देणाऱ्याचं.

संपादकांनी बघितलं. पहिलं नाव जरा वेगळं वाटलं, पण आडनाव बरोबर होतं. या वेळी ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं. घरचंच कोणी असेल म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आईच्या फोनवर यूपीआय मुलाने सुरू करून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, भाजीवाल्याला सुटे द्यायला नकोत म्हणून. कॉलेजात खातं उघडताना त्याने आईचाच नंबर दिला होता आणि तो बदलायचा राहिला होता. त्यामुळे दीड हजार रुपये दोन सेकंदांत बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यात जमा झाले. ना प्रतिज्ञापत्र, ना झेरॉक्स. त्याने रात्री फोन करून विचारलं, “आई, हे दिवाळी अंकवाले मला कशाचे पैसे देतायत?”

बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच फोनवरून मेथीची जुडी आणि अर्धा किलो मटार घेतले. काका शेजारी पिशवी धरून उभे होते. पैसे गेल्याचा आवाज आला तसं भाजीवाल्याने पडद्याकडे बघून मुलाचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कोण?”

“आमचाच मुलगा आहे,” काका म्हणाले.

भाजीवाल्याने मटार पिशवीत ओतले.